विश्रांतीची शिफारस

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका खासगी ॲम्ब्युलन्स कंपनीत सदानंद कर्णिक क्वालिटी मॅनेजर होता. आठवड्यातून दोन दुपारी त्याला आणखी एक काम असे, कामगारांची दुःखं ऐकण्याचं. ख्रिश्चन मुलांसाठी चर्चचे फादर येत, मुसलमानांसाठी मौलवी. हिंदूंसाठी सत्यनारायणाची पोथी पाठ असलेला हा सदानंद. खरं तर सगळ्याच धर्मांची पोरं त्याच्याकडे येत. त्याच्या खोलीत चहा मिळे आणि तिथलं बोलणं बाहेर जात नसे.

ड्रायव्हर भिकाजी तिथेच ढसाढसा रडला. अपघातातली एक चिमुरडी त्याच्या गाडीत दगावली होती. तेव्हापासून सायरन लावला की स्टिअरिंगवर त्याचे हात थरथरत.

"काका, कुणाला बोलू नका हां. इथेच अजमानला बायको-मुली आहेत. जॉब गेला की सगळ्यांचा व्हिसा खलास."

"नाही रे बाबा," सदानंद म्हणाला.

पण त्याला राहवेना. उद्या हात थरथरले आणि गाडी धडकली तर? त्याने फॉर्म भरून एचआरच्या लतिकाकडे दिला: भिकाजीला दोन आठवडे विश्रांती द्यावी, डॉक्टरांना दाखवावं. लिहिताना त्याला बरंही वाटलं. भला माणूस! वीस वर्षं गल्फमध्ये काढली, तरी इथे विश्रांती म्हणजे परतीचं तिकीट, एवढं त्याच्या डोक्यात शिरलं नाही. वर कुणीतरी 'अनफिट' असा शेरा मारला आणि आठवड्यात व्हिसा कॅन्सल झाला.

तक्रार कुणी केली हे लतिका सांगत नसे. भिकाजी निरोप घ्यायला आला.

"हे फिरदोसचंच काम, काका. गाडीत माझ्या शेजारी तोच असायचा, माझे हात त्यानेच पाहिले. नऊ वर्षं एका डब्यात जेवलो आम्ही! ब्लॉक करून टाकला त्याला. मुलींनाही सांगितलंय, फिरदोसचाचा आपला कुणी नाही."

'मी दिलं रे लिहून.' शब्द अगदी ओठांवर आले होते. सदानंदने ते तिथेच अडवले. हे कळलं तर या खोलीत पुन्हा कोण येईल, असं त्याने स्वतःला समजावलं. पण खरी गोष्ट एवढीच की तो घाबरला.

"तुम्ही तेवढे आपले निघालात," म्हणत भिकाजी पाया पडला. आणि सदानंदने, शरम वाटत असतानाही, त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

भिकाजी गेल्यावर दोन दिवसांनी फिरदोस आला. उभ्यानेच बोलू लागला.

"सर, एअरपोर्ट गया था मैं. बच्चियों के लिए चॉकलेट ले गया था. छोटीवाली दौड़के आई, तो भिकाजी ने हाथ पकड़के खींच लिया. मेरी तरफ देखा तक नहीं." त्याने सदानंदकडे पाहिलं. "मैंने क्या किया, सर? आप को तो वो सब बताता था. आप को मालूम होगा."

सदानंदने दार लोटलं, त्याला खुर्चीवर बसवलं, चहा ओतला.

"नहीं मालूम, बेटा," तो म्हणाला. "बोल, मैं सुन रहा हूँ."