जेबा दुकानात बसते

मारोतराव सरांनी खिशातून मेमरी कार्ड काढलं, काउंटरमागे हबीबऐवजी त्याची मुलगी बसलेली पाहिली, आणि कार्ड पुन्हा खिशात गेलं.

"काय पाह्यजे, सर?" जेबाने विचारलं.

"काही नाही. चार्जर पाह्यत होतो." चार्जर त्यांच्या नाकासमोर टांगलेले होते, तिकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. पायऱ्या उतरून ते चालू लागले.

मागे स्टुलावर बसलेल्या हबीबला हसू आलं नाही. जेबा बसू लागल्यापासून आठ दिवस गिऱ्हाइकांचं हेच चाललं होतं. दिग्रसच्या जिनिंगमध्ये बावीस वर्षं मिस्त्रीकी केलेला हा माणूस. कापसाचे दिवस फिरले, जिनिंगला टाळं लागलं, तेव्हा त्याने मोबाइल दुरुस्तीचं हे दुकान टाकलं. नुसत्या दुरुस्तीवर भागेना, म्हणून कम्प्युटरवरून लोकांच्या कार्डात गाणी भरून देऊ लागला. मग लोक आवाज बारीक करून गाण्यांसोबत 'तसले' व्हिडिओ मागू लागले. तेही देऊ लागला. सुरुवातीला कान गरम व्हायचे. पुढे सवय झाली.

आता त्याची नजर अधू झाली होती. जेबाने आयटीआय केलेलं, हात बापापेक्षा सफाईदार. "मी बसते ना, अब्बा," ती म्हणाली. तिच्या आईला, हजराबीला, पटवण्यातच महिना गेला. एवढं करून पोरगी एकदाची खुर्चीवर बसली होती आणि खुशीत होती.

दुकानाच्या कोपऱ्याशी थांबून सरांनी हबीबला हाताने बोलावलं. महिलादिनाला शाळेत भाषण यांचंच असायचं. मुलींनी प्रत्येक धंद्यात उतरावं, असं कळकळीने सांगायचे, आणि ती कळकळ खोटी नव्हती. जेबाने त्या भाषणाला टाळ्या वाजवल्या होत्या.

"हबीबभाई, पोरीले कायले बसवलं?"

"तुमीच तं सांगता सर, पोरींनी धंद्यात यावं."

"सांगतो ना. पन तुमच्या दुकानात कसे लोक येतेत, मालूम नाही काय तुमाले? कशी नजर असते त्याईची! तिले घरी ठेवा." मग इकडेतिकडे पाहून म्हणाले, "कार्ड सांजेला आणू काय?"

त्या लोकांत आपणही आलो, हे भल्या माणसाच्या डोक्यातही शिरलं नाही. हबीबला राग यायला हवा होता. पण रागवायलाही अंगात जोर लागतो. तो म्हणाला, "आणा."

परत आला तर जेबा हातातलं काम थांबवून बसली होती. कोपरा काही लांब नव्हता. तिने सगळं ऐकलं होतं.

"उद्यापासून घरीच दुरुस्ती कर, बेटा. मी फोन आणून देत जाईन. इथं लोक चांगले येत नाहीत."

"मंग ते भरनं बंद करा. चांगले येतीन."

"कोनीच येनार नाही मंग. अन मी तं फक्त भरून देतो. लोकाईच्या नजरेले मी काय करू?"

जेबाने मान वर केली. "तुमी पाह्यता, अब्बा?"

'छे' म्हणायला कितीसा वेळ लागतो? पण दुपारी दुकान रिकामं असलं की तोही पाहायचा, आणि या पोरीशी तो आजवर खोटं बोलला नव्हता.

"पाह्यतो," तो म्हणाला.

ती रडली नाही की भांडली नाही. हातातल्या फोनचे स्क्रू एकेक करून बसवले, तो चालू करून पाहिला, बाजूला ठेवला.

"मी इथंच बसनार," ती म्हणाली. "सांजेला सर आले तरी मीच बसून राहीन."

मग गिऱ्हाईक पायरी चढलं की ओढून घ्यायची तशी तिने ओढणी अंगावर नीट ओढून घेतली. समोर बापाशिवाय कुणी नव्हतं.