दुसरा दम

महिपतने शिट्टी फुंकली. ती वाजली की नाही, हे त्याला नेहमीप्रमाणे पोरांचे पाय थांबले तेव्हा कळले. खडकवाडीचा गडी मधल्या रेघेच्या अलीकडेच पालथा पडला होता, आंबेकोंडाच्या दोघांनी त्याचे घोटे धरून ठेवले होते, आणि तिघेही माना वर करून पंचाच्या तोंडाकडे बघत होते. महिपतने हात खाली झटकला. गडी मेला. कुणी हुज्जत घातली नाही. महिपतच्या निकालावर हुज्जत घालायची पद्धत महाड-पोलादपुरात नव्हती.

शिमग्याला चाकरमानी मुंबईहून आले की भात काढलेल्या खाचरांतून हुतुतूचे सामने रंगत. यंदा पोलादपूरच्या अलीकडे नदीकाठचे मोठे खाचर ठोकून सपाट केले होते, होळीच्या राखेने रेघा आखल्या होत्या, आणि महाडच्या एका व्यापाऱ्याने चांदीचा पेला ठेवला होता. पेल्याचे ऐकून महाडच्या शाळेतले ड्रिल मास्तरही आले होते. छापील नियम त्यांना तोंडपाठ होते. त्यांनी आपणहून पंच व्हायची तयारी दाखवली, तर दोन्ही गावच्या कप्तानांनी एका सुरात नको म्हटले. आंबेकोंडाचा गोमाजी आणि खडकवाडीचा सोनबा यांचे एरवी ऊन पडले आहे यावरही एकमत झाले नसते. पण पंच महिपतच, यावर झाले. मास्तरांच्या हाती वेळ बघायचे काम देऊन त्यांना कडेला बसवले.

गोमाजी हा महिपतच्या चुलतभावाचा मुलगा. त्यानेच समोर उभे राहून ही हकीगत सांगितली, तेव्हा पोराला आपले डोळे दिसू नयेत म्हणून महिपत वाकून पायातला काटा काढू लागला. पायात काटा नव्हता.

महिपतला ऐकू येत नव्हते. ढोल, ढगांचा गडगडाट आणि कानाशी तोंड नेऊन मारलेली हाक, एवढेच उरले होते. उमेदीची सगळी वर्षे मुंबईच्या गिरणीत मागांवर गेली, आणि मागांनी कान खाल्ले. त्या खात्यात कुणालाच कुणाचे ऐकू येत नसे. तिथली माणसे आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलत, आणि पार पलीकडच्या मागावरचा माणूस तसेच उत्तर देई. संप मोडल्यावर महिपतला परत कामावर घेतले नाही. तो गावी आला तेव्हा गिरणीतून आणलेली कमाई म्हणजे ही ओठ वाचायची विद्या. समोरच्याचे तोंड दिसले की त्याला सारे बोलणे कळे, त्यामुळे आपले बहिरेपण बायकोशिवाय कुणाला ठाऊक नाही, असे तो धरून चालला होता. माणूस स्वतःबद्दल काय काय धरून चालतो, त्याला काही धरबंद नाही.

पण हुतुतूच्या पंचाचे सारे काम कानावर. चढाई करणाऱ्याने तोंडाने हुतुतू घुमवत एका दमात पलीकडे जायचे, शिवायचे आणि रेघेवर परत यायचे. मध्ये दम तुटून त्याने चोरून दुसरा घेतला, तर तो मेला. इतर पंच हे ऐकून ठरवत. महिपत बघून ठरवी. दम भरताना गळ्याचा खळगा आत ओढला जातो, बरगड्या उघडतात. हे दिसायला मात्र गड्याच्या अगदी जवळ असावे लागते, म्हणजे तो पळेल तसे आपणही पळावे लागते. म्हणून चाळिशी उलटली तरी महिपत रोज पहाटे घाटाच्या रस्त्याने पहिल्या वळणापर्यंत धावत जाई, परत येऊन बैठका काढी, अंगावर मांस चढू देत नसे. सामन्याच्या दिवशी नुसती पेज पिऊन निघे.

"बैलाला पन येवढा पळवत नाय कोन," त्याची बायको रखमा पायांना तेल चोळताना म्हणे.

दुसरे पंच खुंटासारखे एका जागी उभे राहत. महिपत गड्याबरोबर रेघेरेघेने वाकून धावे. म्हातारी माणसे नातवंडांना तो दाखवीत. कुठेही सामना असला की नारळ घेऊन माणूस त्याच्या दारात येई. गिरणीने टाकून दिल्यावर माणसात बसायला त्याला एवढी एकच जागा उरली होती, आणि ती त्याने जिवापाड जपली होती.

मध्यंतर झाले. महिपत धापा टाकत बांधावर टेकला. पलीकडे, लोकांपासून दूर, आंब्याखाली गोमाजी आणि सोनबा एकाच विडीचे झुरके घेत उभे होते. दोघे मुंबईला गोदीत कामाला, एकाच चाळीत राहणारे. गिरणीचे दार त्यांनी बाहेरूनच काय ते पाहिले असेल. महिपत सहज तिकडे बघत होता. उन्हात दोघांची तोंडे लख्ख दिसत होती.

"मास्तरला नको म्हनलास ते बेस केलंस," सोनबा म्हणाला.

"त्याला कान हायत ना रे," गोमाजी म्हणाला. "आपला भेराच बरा. पाठ केली की त्याला काय कळत नाय. तुजी पोरं दम चोरतात, माजी चोरतात. फिटंफाट."

"पळतो पन किती म्हातारा."

"पळू दे की. बघनाऱ्याला बरं वाटतं, केवढा कडक पंच हाय म्हनून. आमची पोरं घाटात त्याच्या मागनं जाऊन शिव्या घालतात. ढिम्म."

सोनबा हसला. विडी त्याच्या हातून गोमाजीकडे गेली.

महिपतला राग यायला वेळ लागला. आधी लाज वाटली. घाटातली पहाट त्याला आठवली, आपण छाती काढून पळतो आहोत आणि मागे पोरे. त्याच्या पंचगिरीतले सारे नारळ, सारे फेटे, 'महिपत म्हणेल ते खरे' म्हणणारी सारी तोंडे एकाएकी ओशाळवाणी झाली. गडी चढाईत पाठ करून वाकतात, ही खेळायची नवी तऱ्हा आहे असे तो समजत होता. खरे सांगायचे तर एखाद्या वेळी शंका आली होती, पण शंका घेणे म्हणजे आपल्यालाच तपासणे, आणि तेवढी हिंमत त्याने केली नव्हती. आता शिट्टी बांधावर ठेवून घरी जावे, असे त्याला फार वाटले. घरी जाऊन करणार काय होता? तो उठला आणि खाचरात उतरला.

उरलेल्या सामन्यात तो वेगळाच पळाला. आजवर तो एकाच बाजूच्या रेघेने धावे, आणि गडी नेमकी त्या बाजूला पाठ करत. आता गड्याने पाठ केली की महिपत खाचराला वळसा घालून पलीकडे जाई, कडेला बसलेल्या माणसांच्या मांड्यांवरून उड्या घेई आणि गड्याच्या समोर उभा ठाके. फेटा सुटला तो त्याने काढून फेकला. खडकवाडीचा एकजण दम चोरताना सापडला. मग आंबेकोंडाचा. मग पुन्हा खडकवाडीचा. दोन्हीकडची पोरे एकमेकांकडे बघू लागली. रोज पहाटे कमावलेले पाय आज पहिल्यांदा खऱ्या कामाला आले होते, आणि महिपतला त्याचा काडीचाही आनंद नव्हता.

शेवटी दोन्ही बाजू बरोबरीत आल्या आणि गोमाजी स्वतः शेवटच्या चढाईला गेला. तो खेळाडू म्हणून फार देखणा होता. आत घुसून त्याने कोपऱ्यातल्याला शिवले, मागे वळला, तेवढ्यात तिघांनी त्याला कमरेला धरला. तो ओढत ओढत रेघेकडे येत होता. महिपत पळत येऊन रेघेच्या टोकाशी गुडघ्यावर बसला. गोमाजीने मान खाली घातली. त्याच्या गळ्याचा खळगा आत गेला, बरगड्या पसरल्या, पुन्हा आवळल्या, आणि मग त्याचा हात राखेच्या रेघेवर पडला.

आंबेकोंडाची माणसे नाचत आत घुसली. महिपतने हात खाली झटकला.

नाच थांबला. गोमाजी उठून त्याच्यासमोर आला. अंगभर माती, त्यात घाम.

"काका, दम येकच व्हता."

"दोन व्हते."

"तुला काय ठावं?" गोमाजीने म्हटले. पुढचा शब्द त्याच्या ओठांवर अर्धा तयार झालेला महिपतला दिसला. तो शब्द 'भेरा' होता. पण तो उच्चारला, तर ठाऊक असून याच पंचासाठी मास्तरांना नको का म्हटले, हे साऱ्या गावांसमोर सांगावे लागले असते. गोमाजीने सोनबाकडे पाहिले. सोनबा जमिनीकडे बघत होता. पेला तर त्यालाही हवा होता.

ड्रिल मास्तर पुढे आले. ते सरळ स्वभावाचे गृहस्थ होते, आणि त्यांना यातले काहीच माहीत नव्हते.

"वाद कशाला? दम ऐकून ठरवायचा असतो, बघून नाही. पंचांनी ऐकलं असेल तर निकाल पक्का, नसेल तर गोमाजी जिंकला. महिपतराव, तुम्ही दुसरा दम ऐकलात का?"

महिपतने मास्तरांच्या तोंडावरून प्रश्न उचलला. बघितला, असे म्हणायचे, की ऐकला? बघितला म्हटले तर खरे बोलल्यासारखे होईल, आणि चोर पेला घेऊन घरी जाईल. पंच म्हणून तो आजवर मुद्दाम खोटे कधी बोलला नव्हता. त्याने गोमाजीच्या डोळ्यांना डोळा भिडवला.

"ऐकला," तो म्हणाला.

गोमाजी अंगावरची माती झटकत माघारी वळला.

"आनि आंब्याखाली तुमी दोघं बोललात, ते पन ऐकलं. बघनाऱ्याला बरं वाटतं म्हनून पळतो मी. नाय का रे सोनबा?"

सोनबाने झटकन मान वर केली. दोघांनी आधी त्या आंब्याकडे पाहिले, मग महिपतकडे. एवढ्या लांबून कुठल्याही शाबूत कानाला ते ऐकू येणे शक्य नव्हते. बाकीच्यांना यातले ओ की ठो कळले नाही. मास्तरांनी निकाल पक्का म्हणून सांगितला. खडकवाडीने पेला घेतला, पण मिरवला नाही.

महिपतच्या हाती नारळ द्यायचे दोन्ही गावे विसरली. तो घरी आला तेव्हा रखमा चुलीपुढे होती. त्याने तिला सारे सांगितले. ती ऐकून घेत भाकरी थापत राहिली.

"तुला ठावं व्हतं गो? सगळ्यांना म्हाईत हाय ते?"

तिने तवा उतरवला, हात पुसले आणि त्याच्याकडे तोंड केले.

"व्हतं. तुमी सकाळी उठून पळत व्हतात. माज्यानं सांगवलं नाय."

आपले म्हणायला आता तीच एक उरली होती, म्हणून तो तिच्यावर रागावला नाही.

बहिऱ्याने आंब्याखालचे बोलणे ऐकले कसे, हे गावाला कोडे पडले ते दोनच दिवस. वरच्या आळीतल्या येसाजीने कधीकाळी गिरणीत मागावर काम केले होते. त्याने पारावर बसून उलगडा केला, की मागवाल्याला कान लागत नाहीत, तो तोंडावरनं सगळं उचलतो. मग ज्याला त्याला आठवू लागले, की आपण या माणसासमोर बहिरा समजून काय काय बोललो आहोत. ती यादी गावात बऱ्याच जणांची मोठी निघाली असावी. महिपत पारावर गेला की बोलणारे मान वळवत, नाहीतर विडी पेटवायच्या निमित्ताने तोंडावर ओंजळ धरत. दुकानात वाणी माल बांधता बांधता पाठमोराच बोले. शिव्या द्यायला आता कुणाला त्याच्या मागे जावे लागत नव्हते, तोंडावर हात धरला की पुरे होई. गिरणीत कान गेले तेव्हाही जग इतके मुके झाले नव्हते.

सामन्याचे बोलावणे त्यानंतर आले नाही. पुढच्या शिमग्याला मास्तर पंच झाले आणि सामने चांगले झाले, असे त्याला अंदाजाने कळले.

त्या दिवसांत एकदा तो शेतावरून परतत होता. वाटेवर विहिरीपाशी रखमा शेजारच्या राहीबाईशी बोलत उभी होती, दोघींच्या डोक्यावर हंडे. तो येताना दिसला तशी राहीबाईने पदराचे टोक तोंडापुढे ओढले आणि बोलणे चालू ठेवले. रखमाने एकवार त्याच्याकडे पाहिले. मग तिनेही पदर तोंडावर घेतला आणि राहीबाईला उत्तर दिले.