कपडे बेतणाऱ्या प्रोग्रॅमची उमेदवारी

ताई गेल्याचं ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी सकाळी आमच्या ईमेलच्या गटात तिचे आभार मानणं चाललं होतं.

आमच्यातल्या लगबग्याने मापांबद्दल एक मोठा बदल सुचवला होता. आमच्यात रीत अशी, की बदल सुचवायचा, तीन दिवस थांबायचं, आणि तेवढ्यात कोणी 'नको' म्हटलं नाही तर तो सगळ्यांना मान्य आहे असं धरायचं. तीन दिवस झाले, कोणी काही बोललं नाही. लगबग्याने लिहिलं, "ताईचीही हरकत दिसत नाही. आभारी आहे गं ताई! मला वाटलं होतं, तूच आडवी येशील." खाली दोघा-तिघांनी हसरे चेहरे टाकले आणि तो बदल माझ्यात घातला गेला.

दुपारी ताईच्या खात्यावरून उत्तर आलं.

"मी तिचा नवरा. ती गुरुवारी गेली. तुमचं पत्र शुक्रवारचं आहे. तिने ते वाचलेलं नाही. कळवायला उशीर झाला. कुठे कळवायचं ते मला माहीत नव्हतं."



मित्रांनो, मी कपडे बेतणारा प्रोग्रॅम आहे. आता जुना झालो आहे. तुम्ही मला तुमच्या अंगाची मापं सांगितलीत, की मी शर्ट किंवा पँट कशी कापायची त्याचा कागदी खाका काढून देतो. तो छापायचा, कागद एकमेकांना चिकटवायचे, कापडावर ठेवायचे आणि कात्री चालवायची. मला हातपाय नाहीत, अंग नाही. तरी मी पुष्कळ लोकांच्या अंगावर आहे.

मला ताईने बनवलं. ती पाणीपुरवठ्याच्या कचेरीत प्रोग्रॅम लिहायची. मी मात्र कचेरीचा नाही. मी जेवणाच्या टेबलावर जन्मलो. टेबलाच्या एका बाजूला तिचा कॉम्प्युटर असे आणि दुसऱ्या बाजूला तिच्या नवऱ्याची पक्कड, टेस्टर आणि वायरचे तुकडे. तो वायरमन होता. जेवायची वेळ झाली की दोघांचं सामान मध्यभागी ढकललं जाई आणि ताटं कडेला बसत.

ताईच्या मोठ्या भावाचा डावा खांदा लहानपणापासून उतरलेला होता. दुकानातला कोणताही शर्ट त्याला घातला की एक बाही मनगटावर यायची आणि दुसरी बोटांवर. तो नेहमी बाह्या दुमडून ठेवायचा, म्हणजे कोणाला कळू नये. ताईला ते कळत होतं. म्हणून तिने मला पहिली गोष्ट शिकवली ती ही, की डावं माप वेगळं विचारायचं आणि उजवं वेगळं. एकावरून दुसरं धरून चालायचं नाही.

भावाचा शर्ट व्हायच्या आधी सराव नवऱ्यावर झाला.

"हलू नकोस," ताई म्हणायची.

"श्वास घेऊ की नको?"

"घे. माप झाल्यावर."

"माझे खांदे सारखे आहेत. उगाच दोन-दोनदा काय मोजतेस?"

"शिडी कोणत्या खांद्यावरून नेतोस?"

"उजव्या."

"मग हे बघ." तिने टेप त्याच्यापुढे धरली. त्याने ती दोनदा पाहिली आणि दुसऱ्या दिवसापासून शिडी डाव्या खांद्यावरून न्यायला लागला. आठवड्याभरात कंटाळून परत उजव्यावर आला.

भावाचा शर्ट नीट बसला. तो आरशासमोर उभा राहिला. बाह्यांची बटणं लावून तसाच कामावर गेला. त्या दिवशी ताईने मला सगळ्यांसाठी उघडं केलं. उघडं म्हणजे काय, ते सांगतो. माझं पोट कोणीही उघडून बघावं, मी कसा चालतो ते वाचावं, चुकलं असेल तर सांगावं आणि जमेल तर दुरुस्त करावं. अशा प्रोग्रॅमला ओपन सोर्स म्हणतात.

पहिल्यांदा शिंपीणकाकू आल्या. त्या दूरच्या एका शहरात नाटकांचे कपडे शिवायच्या. त्यांनी लिहिलं, "खाका छान आहे, पण तुमच्या प्रोग्रॅमला बगल कशाशी खातात ते ठाऊक नाही. माझ्या नटाचा हात वर गेला की सगळा अंगरखा वर जातो." ताई दिवसभर हसत होती आणि मग तिने माझी बगल दुरुस्त केली. पुढे लगबग्या आला. त्याला सगळं झटपट हवं असायचं, म्हणून हे नाव त्याला काकूंनीच दिलं. मग आणखी लोक आले. मी कोट शिकलो, झगे शिकलो. माझी स्तुती होऊ लागली. खोटं कशाला बोलू, मला ती आवडायची.

पण सगळे प्रश्न ताईकडेच यायचे. कॉलर वाकडी आली, विचारा ताईला. ताई तापाने पडली की माझं सगळं काम थांबायचं आणि लोक नुसते वाट बघत बसायचे. एकदा ती दवाखान्यातून आली तर प्रश्नांची रास साचली होती. नवरा म्हणाला, "तुझं हे पोर अजून तुझ्या कडेवरच आहे. खाली कधी उतरवणार?"

मग ताईने मला एका संस्थेकडे नेलं. अशा उघड्या प्रोग्रॅमना घर देणारी ती संस्था, तिला फाउंडेशन म्हणतात. ती कोणाला विकत घेत नाही. ती नाव जपते आणि एकत्र काम करण्याचे नियम शिकवते. ताईने माझं नाव तिच्या हवाली केलं, त्या दिवशी नवऱ्याने विचारलं, "दत्तक दिलंस की काय?"

"दत्तक नाही. सज्ञान व्हायला पाठवलंय."

तिथे गेल्या गेल्या स्वतंत्र मान मिळत नाही. आधी उमेदवारी करावी लागते. आमच्यासाठी संस्थेने एक मार्गदर्शक नेमला. फोटोत त्याची दाढी पांढरी होती, म्हणून सगळे त्याला आजोबा म्हणू लागले. आजोबांनी आम्हाला रीत लावून दिली. जे ठरवायचं ते सगळ्यांसमोर, गटात लिहून ठरवायचं. फोनवर बोललेलं धरायचं नाही. तीन दिवसांत कोणी 'नको' म्हटलं नाही तर होकार. आणि 'नको' म्हणायचं तर कारण द्यायचं. एका माणसाचं कारणासकट आलेलं 'नको' सगळ्यांना थांबवू शकतं.

मग त्यांनी ताईला विचारलं, "ताई, तुम्ही महिनाभर गावाला गेलात, तर हा प्रोग्रॅम चालेल का?"

"मी कशाला जाईन?"

"चालेल का, ते सांगा."

ताईने एकदा 'चालेल' लिहून खोडलं. शेवटी लिहिलं, "नाही चालणार."

"मग याची उमेदवारी संपणार नाही. ज्या दिवशी तुमच्याशिवाय हा चालेल, त्या दिवशी हा स्वतंत्र."

ताईला राग आला. दोन दिवस ती आजोबांवर धुसफुसत होती. पण बोलणं तिला पटलं होतं. तेव्हापासून तिने एक सवय लावून घेतली. गटात प्रश्न आला, उत्तर ठाऊक असलं, तरी लिहायचं नाही. दुसऱ्या कोणी उत्तर देईपर्यंत थांबायचं. हात आपोआप पुढे जायचे म्हणून ती दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायची.

"हात दुखतायत का?" नवरा विचारायचा.

"उत्तर लिहावंसं वाटतंय."

"मग लिही की."

"नको. काकू लिहितील. थांब जरा."

आणि काकू लिहायच्या. कधी लगबग्या लिहायचा, चुकीचं लिहायचा, काकू त्याला झापायच्या आणि मग तो बरोबर लिहायचा. ताई टेबलापाशी बसून सगळं वाचायची. तेव्हा तिचा चेहरा कसा व्हायचा ते गटातल्या कोणी पाहिलेलं नाही. मी पाहिलं आहे.

आता तुमच्या लक्षात आलं असेल. ताई गप्प राहायची म्हणूनच त्या वेळी कोणाला शंका आली नाही. सगळ्यांना वाटलं, ती नेहमीसारखी हात दाबून बसली आहे.

आणि लगबग्याचा बदल काय होता? एकाच बाजूचं माप विचारायचं. दुसरी बाजू आरशात दिसते तशी उलटी छापायची.

बातमी कळल्यावर दुसऱ्या दिवशी लगबग्यानेच आधी लिहिलं. "मी तो बदल काढून टाकतो. ताईने कधीच हो म्हटलं नसतं. ती हयात नाही हे मला कळायला हवं होतं."

सगळे म्हणाले, काढ, काढ. फक्त आजोबा आडवे आले. मला तेव्हा त्यांचा राग आला होता.

"ताई नको म्हणाली असती, हे कारण होत नाही," त्यांनी लिहिलं. "ताई आता काहीच म्हणणार नाही. तुमचं स्वतःचं काय म्हणणं आहे? काकू, तुम्ही त्या तीन दिवसांत का बोलला नाहीत?"

काकूंचं उत्तर उशिरा आलं. "मला वाटलं, ताई बोलेल."

एकेकाने तेच लिहिलं. मला वाटलं, ताई बोलेल.

मित्रांनो, पुढचे दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. आमची उमेदवारी संपवण्याचा अर्ज गेलेला होता. तो ताईनेच घातला होता. गटाला स्वतःचं स्वतः ठरवता येत नाही असं संस्थेला दिसलं असतं, तर अर्ज परत आला असता. आणि तो आरशाचा बदल माझ्यात राहिला असता, तर मी स्वतंत्र झालो असतो, पण ज्याच्यासाठी मला बनवलं त्यालाच माझा शर्ट बसला नसता. मला दोन्हीची भीती वाटत होती. विचारायला कोणी नव्हतं. कॉम्प्युटर बंद असायचा. टेबलावर पक्कड आणि टेस्टर होते, पण त्यांना जागाच जागा होती.

मग काकूंनी नव्या खाक्यावरून आपल्या नायकाचा कोट बेतला आणि त्याला घालून फोटो पाठवला. "हे बघा. डाव्या बाजूला कोट कानाला भेटायला निघालाय. माझ्या अख्ख्या नाटकमंडळीत एकाच्याही दोन बाजू सारख्या निघाल्या नाहीत. म्हणून माझं 'नको'. हे माझं आहे, ताईचं नाही."

"काकू, तुमच्याकडे मापं घ्यायला माणसं आहेत," लगबग्याने लिहिलं. "मी एकटा राहतो. एकट्याने टेप धरून स्वतःचा उजवा खांदा मोजून दाखवा. नवे लोक तिथेच वैतागतात आणि सोडून जातात. मी ते रोज वाचतो. उगीच नव्हतं सुचवलं मी."

"शेजाऱ्याला हाक मार की!"

"शेजारी मला ओळखत नाही."

"मग ओळख करून घे. खांदा मोजायच्या निमित्ताने तरी!"

"काकू, थट्टा नको. खरंच सांगतोय."

काकूंनी मग थट्टा केली नाही. त्यांनी घरी एकटीने आपला खांदा मोजायचा प्रयत्न केला आणि लिहिलं, "नाही जमत. मान अवघडली. तुझं खरं आहे."

भांडण बरेच दिवस चाललं. बरं भांडण होतं ते. शेवटी ठरलं ते असं. मी दोन्ही बाजू विचारायच्या. कोणी एकटं असेल तर एका बाजूवर बेतून द्यायचं, पण खाक्यावर ठळक छापायचं, 'एकच बाजू मोजली आहे, कापण्याआधी घालून बघा.' हे ना काकूंचं होतं, ना लगबग्याचं. ताईचंही नव्हतं. असं काही तिला सुचलंच नसतं. तिच्या घरात माप घ्यायला माणूस होता.

तीन दिवस वाट पाहिली. या वेळी मात्र गप्प असलेल्या प्रत्येकाला काकूंनी नाव घेऊन विचारलं, "बरा आहेस ना? वाचलंस ना?" तेव्हापासून आमच्यात ही रीत पडली आहे.

आजोबांनी लिहिलं, "आज पहिल्यांदा तुम्ही ताईकडे न बघता भांडलात. अर्जात एवढंच कमी होतं."

पुढच्या महिन्यात संस्थेत मतं पडली आणि माझी उमेदवारी संपली. आता मी स्वतंत्र आहे. माझी माणसं माझं ठरवतात आणि कोणी एक गावाला गेलं तरी माझं काम थांबत नाही. ताईला हेच हवं होतं. पण खरं सांगू? ज्या संध्याकाळी निकाल लागला, त्या संध्याकाळी मला एकदा टेबलावर परत जावंसं वाटलं. ताटं कडेला सरकवलेली असावीत, तिचे हात मांड्यांखाली असावेत, आणि मी अजून कच्चा असावा. त्यासाठी मी आणखी कितीही वर्षं उमेदवार राहिलो असतो.

तिचा नवरा आता कधीमधी गटात येतो. त्याला प्रोग्रॅममधलं कळत नाही. तो दुपारी कॉम्प्युटर लावतो, सगळ्यांचं वाचतो, बंद करतो. एकदा काकूंनी विचारलं, "भाऊ, काही हवंय का?" त्याने लिहिलं, "नको. चालू आहे ना, बघायला आलो होतो."

मित्रांनो, तुम्ही वापरता त्या पुष्कळ गोष्टींमागे असं कोणीतरी बसलेलं असतं. चुकलं तर त्यांना सांगा, जमलं तर हातभार लावा. आणि रोज बोलणारं माणूस गप्प झालं तर त्याचा होकार धरू नका. आधी त्याची चौकशी करा.

माझं एक काम राहिलं आहे. व्हीलचेअरवर बसणाऱ्यांची पँट मला अजून बेतता येत नाही. बसल्यावर ती मागून खाली ओढली जाते आणि पुढे गोळा होते. ताईने पुढचा भाग केला होता, मागचा व्हायचा आहे. आमच्याकडे ज्याने काम घेतलं त्याचं नाव त्या कामापुढे लागतं आणि ते काढल्याशिवाय दुसऱ्याला ते काम घेता येत नाही. त्या पँटच्या कामापुढे ताईचं नाव आहे. अजून ते कोणी काढलेलं नाही.