टेकडीवरची भित्री शेगडी

मित्रांनो, मी शेगडी आहे. जुनी, लोखंडी, आणि खरे सांगायचे तर अतिशय भित्री. जी विस्तव पोटात घेऊन बसते तिला कसली आली भीती, असे तुम्हाला वाटेल. पण मला दुसऱ्या कशाहीपेक्षा स्वतःचीच भीती वाटते. का, ते सांगते.

झाशीहून बबीन्याकडे जाणाऱ्या रस्त्याला एक फाटा फुटतो आणि खडकाळ टेकडीवर चढतो. वर नारायणरावांचा बंगला आहे. बंगला म्हणायचा एवढेच. तीन खोल्या, एक ओसरी आणि मागे अंगण. नारायणराव रेल्वेत होते. राहायचे झाशीतल्या सीपरी बाजारात, पण रविवारी तरी मोकळी हवा मिळावी म्हणून त्यांनी हौसेने हा बंगला बांधला होता.

माझा जन्म रस्त्याच्या कडेचा. एका लोहाराने डांबराच्या रिकाम्या पिंपाचा पत्रा कापला, ठोकून ठोकून गोल केला, आत जाळी बसवली आणि खाली तीन पाय जोडले. प्रत्येक घावाला मी दचकत होते. नारायणरावांनी मला स्कूटरवर पायांपाशी ठेवून टेकडीवर आणले, तेव्हा वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला मी देवाचे नाव घेतले. वर आले तर तिथे वेगळीच तऱ्हा! बबीन्याच्या बाजूला लष्कराचा तोफांचा सराव चाले. धडाम् झाले की माझ्या पोटातली राख हलायची. चौकीदाराची बायको दुर्गा मात्र खुशाल भाकरी थापत बसायची. "अरे, जे तो रोज की बात है," ती म्हणायची. तिला कशाचीच भीती वाटत नसे. मला तिचा फार हेवा वाटे.

थंडीत माझा मोठा मान असे. झाशीची थंडी तुम्हाला ठाऊक नसेल. पौषात धुके दुपारपर्यंत हलत नाही आणि खडक बर्फासारखे गार पडतात. मग सगळे माझ्याभोवती गोळा व्हायचे. नारायणरावांच्या पत्नी भानुमतीबाई माझ्यावर वांगी भाजायच्या, त्यांची लेक रेवती ओले मोजे वाळवायची. बंगल्याच्या लाकडी खिडक्या वाकड्या होत्या. झडपांमध्ये बोट जाईल एवढी फट. भानुमतीबाई त्या फटीत कागद कोंबायच्या आणि वारा तो काढून टाकायचा. सगळे त्या वाऱ्याच्या नावाने बोटे मोडायचे. मीही मोडायचे. तो वाराच आम्हाला सांभाळत होता, हे तेव्हा कुणाला कळावे?

एका हिवाळ्यात नारायणरावांनी निखाऱ्यांसकट मला मागच्या कोठीत ठेवले आणि दार लावून घेतले. संध्याकाळी पुन्हा लागतील म्हणून निखारे राखून ठेवायचे होते. त्या कोठीला खिडकी नव्हती. पोत्यांमागे मांजरीची चार पिल्ले होती, हे त्यांना माहीत नव्हते. मी ती पाहिली आणि मला आनंदच झाला. म्हटले, चला, यांना ऊब मिळेल.

संध्याकाळी दार उघडले तेव्हा पिल्ले एकमेकांना बिलगून झोपलेली होती. ती उठली नाहीत. धूर नव्हता, कुठे भाजल्याची खूण नव्हती. नारायणराव हळहळले. "गारठली बिचारी," ते म्हणाले. पेटत्या शेगडीपाशी गारठली! दुर्गाने एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा बंद दाराकडे.

"ठंड से नईं मरीं, बाबूजी," ती म्हणाली. "कोयला की गैस है. बंद कमरे में जान ले लेत है."

नारायणरावांनी मान हलवली आणि विसरून गेले. मी विसरले नाही. त्या दिवसापासून कुणी माझ्यासमोर हात पसरले की मी आधी खिडकी शोधू लागले.

पुढे नारायणराव गेले. बंगला काही वर्षे कुलूपबंद पडला आणि मी कोठीत गंजत राहिले. कुणी विचारत नव्हते याचे वाईट वाटे, पण त्याहून जास्त सुटल्यासारखे वाटे. मग रेवतीचे लग्न झाले आणि जावई मिलिंद यांनी बंगला नव्याने सजवला. दिल्ली-कानपूरचे पाहुणे सुटीला येऊ लागले. वाकड्या खिडक्या गेल्या आणि रबराची पट्टी लावलेल्या सरकत्या काचा आल्या. पाहुणे खूश झाले. "वाऱ्याची झुळूकसुद्धा आत येत नाही," भानुमतीबाई सगळ्यांना कौतुकाने सांगायच्या. ते ऐकून कोठीत माझ्या अंगावर काटा यायचा.

आणि एका जानेवारीत रेवतीला मुलगी झाली. बारसे टेकडीवरच करायचे, असा रेवतीने हट्ट धरला. सकाळी धुक्यातच पाळणा झाला, बाळाचे नाव बकुळ ठेवले, जेवणे झाली. मग भानुमतीबाईंनी मला कोठीतून बाहेर काढले. बाळंतिणीला शेक-शेगडी हवी. खाटेखाली निखारे ठेवून त्यावर ओवा-शेपा टाकायचा, ही त्यांच्या माहेरची रीत. त्या माहेरच्या घराला कौले होती आणि कौलांतून हवा खेळायची, हे मात्र त्यांच्या लक्षात आले नाही.

भानुमतीबाई निष्काळजी मुळीच नव्हत्या, बरे का. त्यांनी मला अंगणात पेटवले, धूर पुरता जाऊ दिला, कोळसे लालबुंद झाल्यावरच आत नेले. "धूर नाही ना, मग काळजी नाही," त्या स्वतःशीच म्हणाल्या. हीच ती चूक. माझा धूर डोळ्यांत जातो आणि माणसे पळतात. पण धूर गेल्यावरही माझ्या निखाऱ्यांतून जे बाहेर पडते, त्याला ना रंग, ना वास.

"चार वाजेपर्यंत कुणी दार वाजवायचं नाही," त्यांनी मिलिंदना बजावले. मग कडी घातली, खिडकीची काच सरकवून घट्ट लावली, दाराखालच्या फटीत टॉवेल सारला. मी पाहत होते. मला ती कोठी आठवली.

थोड्या वेळाने रेवती म्हणाली, "आई, डोकं कसं जड झालंय. थोड़ी खिड़की खोल दो ना."

"अगं, ओली बाळंतीण तू! वारा लागला तर जन्मभर कंबर धरून बसशील. जागरण झालंय तुला. नीज."

उघडा हो, उघडा, असे मी मनातल्या मनात ओरडत होते. पण शेगडीचे कोण ऐकणार? मी विझायचा प्रयत्न केला. विझणेसुद्धा शेगडीच्या हातात नसते, मित्रांनो. भानुमतीबाई पाळण्याची दोरी ओढत गाणे गुणगुणत होत्या. गाणे मध्येच थांबले. दोरी हातातून सुटली. रेवती केव्हाच गप्प झाली होती. पाळणा हलता हलता थांबला आणि मी एकटी जागी राहिले. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

तेवढ्यात खिडकीशी दुर्गा दिसली. ती दूध घेऊन खालच्या गावातून वर येत होती. काचेवर बाष्प धरले होते. तिने बाहेरून पदराने काच पुसून पाहिली, डोळे बारीक केले आणि खाटेखालचा माझा लाल उजेड तिला दिसला. तिने काच वाजवली. कुणी हलले नाही. ओसरीत मिलिंद पाहुण्यांना जिलबी वाढत होते.

"दुर्गा भाभी, अभी नहीं," ते म्हणाले. "माँजी ने मना किया है."

"माँजी उठें तो मना करें!" दुर्गा ओरडली. दुधाचे भांडे टाकून तिने धोंडा उचलला आणि काच फोडली. थंडगार वारा आत घुसला. मिलिंदनी लाथ घालून दार तोडले. माझी कडी तापलेली होती, तरी दुर्गाने मला नुसत्या हातांनी उचलले आणि बाहेर खडकावर भिरकावले. माझा एक पाय मोडला. तिचे दोन्ही तळवे भाजले.

मी उलटी पडून पाहत होते. रेवतीला उलट्या होत होत्या. भानुमतीबाई काहीतरी पुटपुटत होत्या. बकुळ मिलिंदच्या हातांत होती आणि रडत नव्हती. गाडी धुक्यात खाली उतरली आणि दिसेनाशी झाली.

तीन दिवस मला काही कळले नाही. पिल्लांसारखीच ही पण जाणार, आणि तीही माझ्यामुळे, एवढेच डोक्यात फिरत होते. तोफा वाजत होत्या. मी त्यांना भ्यायचेही विसरले.

चौथ्या दिवशी गाडी आली. भानुमतीबाई एकट्याच उतरल्या आणि थेट दुर्गाच्या दाराशी गेल्या. दुर्गाच्या हातांना पट्ट्या होत्या. भानुमतीबाईंनी ते हात आपल्या हातांत घेतले.

"रेवती बरी है," त्या म्हणाल्या. "और बकुळ दूध पीती है. खूब रोती है अब."

"रोन दो, बाई," दुर्गा म्हणाली. "खूब रोन दो." आणि ती स्वतःच रडू लागली.

नातेवाईक म्हणत होते, बाळाला दृष्ट लागली. कुणी म्हणाले, ही शेगडीच अपशकुनी, भंगारात द्या. भानुमतीबाईंनी दोन्ही गोष्टी ऐकून घेतल्या नाहीत. "दृष्ट नाही आणि शेगडी पण नाही. खिडकी मी लावली होती," त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. एवढे बोलायला किती धीर लागतो, हे माझ्यासारख्या भित्रीलाच ठाऊक.

आता प्रत्येक खोलीत छताखाली एक उघडा झरोका आहे. पाहुणे थंडीची तक्रार करतात. भानुमतीबाई त्यांना आणखी एक दुलई देतात आणि शेगडी हवी असेल तर अंगणात बसायला सांगतात. माझा पाय लोहाराने जोडून दिला आहे. बकुळ माझ्यासमोर इवले हात पसरते, तेव्हा वर मोकळे आभाळ असते, तरीही मी घाबरतेच.

म्हणून मित्रांनो, तुम्हाला हात जोडून सांगते. थंडीत मला जरूर पेटवा, पण उघड्यावर. निखारे घरात आणून कुणी दार लावू लागले, तर ते वडीलधारे आहेत म्हणून गप्प बसू नका. ओरडा, दार वाजवा, कुणी रागावले तर रागावू द्या. काच फोडावी लागली तर फोडा. काच पुन्हा बसवता येते.