डोक्यावरची पाटी

मित्रांनो, मी शर्यतीच्या गाडीचे एक जुने इंजिन आहे. मला घडवणारी कंपनी घरगुती गाड्या बनवते. शर्यतीची गाडी बनवण्याची तिची कुवत नव्हती, मिरवण्याची हौस मात्र दांडगी होती. म्हणून तिने मला एका नामांकित संघाला दिले. गाडी त्यांची, इंजिन आमचे.

माझ्या डोक्यावरच्या झाकणाला कंपनीच्या नावाची पाटी चिकटवलेली असे. शर्यत हरलो की कंपनीचे मालक, थोरले साहेब, ती सोलून काढायला लावत. "गाडीवाल्यांचीच काहीतरी चूक असणार," एवढे बोलून ते हात झटकत. जिंकलो की पाटी परत जागेवर. हे काम साहेबांच्या जावयाकडे होते. त्याला दुसरे काही येत नव्हते, आणि हेही धड येत नव्हते.

एकदा पाटी काढलेली असतानाच मी सर्वांत मोठी शर्यत जिंकून दिली. सगळ्या फोटोंत माझे डोके बोडके. साहेबांना म्हणे त्या दिवशी जेवण गेले नाही. मला आवडणारे फोटो तेवढेच.

पुढे शर्यतीचे नियम बदलले, मी बाद ठरलो आणि मला कंपनीच्या स्वागतकक्षात लोखंडी घोडीवर बसवले. कंपनीच्या वाढदिवशी पाहुण्यांसमोर मला सुरू करायचे ठरले. पुन्हा एकदा गरजायला मिळेल म्हणून मी दिवस मोजू लागलो. असल्या माणसांवर आशा ठेवली, हा माझाच मूर्खपणा.

आदल्या दिवशी पाटी गळून पडली. जावईबापू ड्रिल घेऊन आले आणि त्यांनी चार लांब स्क्रू झाकणातून आरपार पिळले. झाकणाखाली काय फिरते, हे त्यांना आजवर विचारावेसे वाटले नव्हते.

"आता सात जन्म निघायची नाही," ते म्हणाले.

"शाबास, जावईबापू," साहेब म्हणाले.

माझी देखभाल करणाऱ्या फिटरकाकांनी ते स्क्रू पाहिले, साहेबांचा चेहरा पाहिला आणि मूग गिळून गप्प बसले. निवृत्ती जवळ आली होती ना त्यांची.

दुसऱ्या दिवशी काकांनी माझ्यात गरम पाणी फिरवले, कारण थंड असताना मी सुरू होत नाही. मग बटण दाबले. मी एकदाच गरजलो. लगेच स्क्रूच्या टोकांत आतला फिरता दांडा अडकला आणि तुटला. पाहुण्यांच्या बुटांवर तेल उडाले.

साहेबांनी रुमालाने कपाळ पुसले. "गाडीवाल्यांचीच काहीतरी चूक असणार," ते पाहुण्यांना म्हणाले.

माझ्याखाली तेव्हा गाडीच नव्हती.

मित्रांनो, मोठे झालात की तुम्हीही कशावर तरी आपले नाव लावालच. लावण्याआधी निदान झाकण उघडून आत बघा. मी आता कधीच सुरू होणार नाही. पाटी मात्र जागची हललेली नाही.