ज्वारीतली चकती

वंदनाने लोखंडी कपाटाचा खालचा कप्पा पुन्हा उपसला, तेव्हा दारातून आबांनी विचारलं, "काय शोधून राह्यलीस गं?"

"अंगददादाच्या लग्नाच्या सीड्या. निळ्या पिशवीत होत्या."

"त्या चमकणाऱ्या चकत्या? त्या ज्वारीत बांधल्या म्या. पाखरं लई पडून राह्यली होती."

आबांनी हे इतक्या समाधानाने सांगितलं, की ओरडावं का रडावं तेच वंदनाला कळेना. वाटूरच्या शिवारात कणीस भरायला लागलं की घरोघरच्या जुन्या सीड्या रानात जातात. त्या वाऱ्यावर फिरतात, ऊन फेकतात आणि पाखरं बिचकतात. बियाण्याच्या जाहिरातीची सीडी, भजनाची सीडी, लग्नाची सीडी, सगळ्या एकाच सुतळीला. आबांना वाचता येत होतं, पण चकतीवरही काही वाचायचं असतं हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"आबा, त्यात मायचा आवाज होता," ती म्हणाली. आबांचं तोंड उतरलं.

माय, म्हणजे सोनूबाई, अंगणात बाजेवर उन्हाला बसली होती. गेल्या पावसाळ्यात तिला झटका आला, उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. मागे एकच शब्द राहिला, 'बघा'. पाणी हवं, बघा. पाठ दुखते, बघा. जिच्या तोंडाला गल्लीत कुणी लागत नव्हतं, तिचे हे हाल वंदनाला पाहवत नव्हते. वाचा सुधारायचे उपचार करणाऱ्या नवीन जालन्यातल्या मॅडमनी वंदनाला बजावलं होतं, की आईचं स्वतःचं जुनं बोलणं असेल तर ऐकवा, पाठ असलेल्या ओळी कधी कधी आपसूक ओठांवर येतात. पण जल्दी करा, दिवस जातील तसं अवघड होईल.

आणि जुनं बोलणं आणायचं कुठून? मोबाइल समोर धरला की माय तोंडाला पदर लावायची. कॅमेऱ्यात ती सापडली होती एकदाच, अंगदच्या लग्नात. नवी सून उंबरठ्यावर आली, तिने उखाणा घेतला, आणि मग बायकांनी सासूलाही सोडलं नाही. तो उखाणा आता कुणालाच आठवत नव्हता. आबांनी तर ऐकलाच नव्हता. तेव्हा ते बाहेर पाहुण्यांचा टेम्पो वळवून घेत होते, आणि सीडी बघायला घर भरलं त्या दिवशी शेतात पाणी धरत होते. स्वतःच्या लग्नात माय लाजून मुकी बसली होती, आणि पुढचा सगळा संसार 'अहो' आणि 'अंगदचे आबा' यावर झाला. बायकोच्या तोंडून आपलं नाव या माणसाने जन्मात ऐकलं नव्हतं. आणि तेच नाव त्याने पाखरांपुढे टांगून ठेवलं होतं!

वंदना आणि राजनंदिनी वहिनी, म्हणजे त्या सीडीतली नवरी, दोघी शेताकडे धावल्या. ज्वारी डोक्याच्या वर गेलेली. पातींनी हात कापले, पण थांबायला सवड कुणाला होती! एकेक चकती धरायची, उलटायची, उन्हाने उडालेली अक्षरं डोळ्यांजवळ नेऊन वाचायची. शेवटी बांधाच्या कडेला वहिनी ओरडली, "ताई, ही बघा! 'अंगद-राजनंदिनी, भाग दोन.' माझ्याच नावावर पाखरू हगलंय."

एरवी दोघी हसून लोळल्या असत्या.

सुतळी मधल्याच भोकातून ओवलेली होती, नवं भोक पाडलं नव्हतं, तेवढंच नशीब. घरी येऊन वंदनाने चकती साबणाच्या पाण्यात धुतली, मऊ धडप्याने मधून कडेकडे पुसली. खालच्या बाजूला बारीक ओरखड्यांचं जाळं होतं. गावच्या शाळेतून मागून आणलेला सीडी वाचायचा ड्राइव्ह तिने लॅपटॉपला जोडला आणि चकती आत सरकवली. घरघर झाली, थांबली, पुन्हा घरघर झाली. मग पडद्यावर एक फाइल दिसली. डॅट फाइल, जुन्या व्हिडिओ सीडीवर असते तसली. ती आधी लॅपटॉपवर उतरवायची, मग एमपीफोर करायची, मगच तिच्यातून मायचा तुकडा कापता येणार होता, कारण कापायचं सॉफ्टवेअर डॅटला ओळखतच नव्हतं.

फाइल उतरू लागली. हिरवी पट्टी अर्ध्यापर्यंत छान सरकली आणि अडली. ड्राइव्ह आतून कटकट करू लागला. तेवढ्यात लाइट गेली.

"आता वो?" वहिनीने विचारलं.

"बॅटरी आहे. पण हिचा भरवसा न्हाई."

आबा चौकटीला टेकून बसले होते. ते म्हणाले, "वंदे, फुटंल का गं ती आत?"

"न्हाई आबा."

"म्या ज्वारी वाचवाया गेल्तो. काय अक्कल म्हणायची माझी!"

वंदनाला त्यांचा राग आला होता तो पुरता विरला. सॉफ्टवेअर दोनच गोष्टी विचारत होतं. अडलेली जागा पुन्हापुन्हा वाचू, की ती सोडून पुढे जाऊ? पुन्हापुन्हा वाचत बसावं तर बॅटरी मधेच संपेल. ही चकती एवढी जेमतेम लागली होती, दुसऱ्यांदा लागेल याची खात्री नव्हती. सोडून द्यावं, आणि मायचा उखाणा नेमका त्याच जागेत असला तर? डोळे मिटून तिने 'सोडून पुढे' दाबलं. पट्टी हलली.

फाइल उतरली, एमपीफोर व्हायला लागली. बॅटरीचा लाल आकडा एका बाजूने उतरत होता आणि रूपांतराचा आकडा दुसऱ्या बाजूने चढत होता. बॅटरीत थोडी धुगधुगी होती तेवढ्यात काम संपलं. वंदनाने घाईने फाइल मोबाइलवर घेतली, लॅपटॉप बंद झाला आणि सगळे अंगणात मायच्या बाजेभोवती आले.

नवी भीती समोर आलीच. व्हिडिओवाल्याने वरातीवर गाणं टाकलेलं, जेवणावळीवर गाणं टाकलेलं, वर गुलाबाच्या पाकळ्या उडवलेल्या. त्या हौशी बाबाने उखाण्यावरही गाणं चढवलं असलं तर? उंबरठा आला. गाणं थांबलं.

पडद्यावरच्या कोवळ्या राजनंदिनीने उखाणा घेतला. मग बायकांचा गलका, आणि त्यातून मायचा तो खणखणीत आवाज, "मी न्हाई बाई! सरका!" बाजेवरच्या मायची मान वर आली.

"वाटूरच्या फाट्यावर एस्टी थांबते भरून..."

आणि चित्राचे चौकोन झाले. आवाज गेला. माय तोंड उघडं ठेवून गोठली. पुढे एकदम बायका हसताना दिसल्या. दुसरी ओळ बिलकुल गायब.

"माझंच नाव गेलं," आबा हळूच म्हणाले. "बराबर हाय. म्याच टांगल्तं."

वंदनाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने तो तुकडा मागे घेऊन पुन्हा लावला, कशासाठी ते तिलाही कळलं नाही.

"...एस्टी थांबते भरून..."

चौकोन. शांतता. आणि बाजेवरून घोगरा, अडखळता आवाज आला.

"भु... भुजंगरावांचं... नाव घेते..."

माय पुढचा शब्द शोधत होती, ओठ हलत होते, गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या. शब्द काही सापडेना. मग तिने डावा हात पुढे केला आणि राजनंदिनीचा हात घट्ट धरला.

"हां! 'सुनेचा हात धरून'! हेच होतं, माय, हेच होतं!" वहिनी रडत ओरडली.

"बघा," माय म्हणाली, आणि आबांकडे बघून हसली.

संध्याकाळी लाइट आली. वंदनाने लॅपटॉप उघडला. "आबा, दुसऱ्या ड्राइव्हवर पुन्हा वाचून बघते. कदाचित ती ओळ निघेल."

"नको," आबा म्हणाले. "ऱ्हाऊ दे तशीच. निघाली तर मंग तुझी माय कामून बोलंल?"

वंदनाने तेवढाच तुकडा कापला, मधल्या शांततेसकट, आणि आबांच्या मोबाइलवर टाकला. कसा लावायचा ते त्यांनी दोनदा विचारून घेतलं आणि मोबाइल घेऊन ते बाजेवर मायजवळ जाऊन बसले.