बिनपात्याचा दांडा

माझ्या नानीचं लग्न झालं त्याच साली, म्हणजे छप्पन साली, सरकारनं जंगलातली तोड बंद केली. मांडव उतरतो न उतरतो तोच गार्डानं तांड्यातल्या कुऱ्हाडी फॉरेस्टच्या चौकीत जमा करून घेतल्या. नानीचा बाप रूपला, त्याचीही गेली. जन्मभर त्यानं ठेकेदारासाठी सागवान पाडलं होतं. दुसरं काम त्याच्या हातांना ठाऊक नव्हतं.

पुढच्या माघात निवडणूक आली. एक उमेदवार सकाळीच जीप घेऊन तांड्यावर आला. "दिवाळीनंतर तोड सुरू. माझा शब्द!" बायांनी त्याला ओवाळलं, झेंडूचा हार घातला. कुऱ्हाडी कधी मिळतील, हे विचारायचं राहिलं, म्हणून रूपला जीपच्या चाकोरीनं पायीच खालच्या धनज गावाला गेला.

तिथं पारावर सभा चालली होती.

"या जंगलाला कुऱ्हाड लागू देणार नाही!" तोच उमेदवार गरजत होता. गळ्यात हारही तोच.

टाळ्या पडल्या. शेतकरी दौलतरावांनी मागं वळून पाहिलं.

"कारे रूपला, तू इथं कसा?"

"सकाळी आमाले उलटं सांगतलं यानं, पाटील."

"तुमी वरतं झाडं पाडले, न खाली माह्यी विहीर आटली. पऱ्हाटी उभी वाळली."

"ते झाडं गेले कोनाच्या घरी? माह्या घराले तं तुराट्याचा कूड हाय."

"माह्या दाराले सागवानच हाय. पन पानी नाई, तं दाराचं काय करू?"

रूपलाला त्यांचा राग येईना. कुऱ्हाडीचं न विचारताच तो परतला.

"तोड सुरू होत नाई," त्यानं बायकोला, सोनीबाईला सांगितलं.

"मंग चाला कारंज्याले, जिनात, कापसातली सरकी काढाले. शेजारच्या रुपाबाईचं सारं घर तिथं कामाले गेलं."

"रुईत मले दम लागते."

"न भूक नाई लागत?"

पावसाळा कसाबसा निंदणाच्या मजुरीवर निघाला. दसरा आला. दसऱ्याला कुऱ्हाडीला नवा दांडा बसवायचा, मगच जंगलात पाय टाकायचा, ही तांड्याची रीत. रूपलानं खाटेखाली जपलेलं धावड्याचं लाकूड काढलं, विळ्यानं तासलं, काचेच्या तुकड्यानं गुळगुळीत केलं. पात्याचं माप आठवणीनंच धरलं.

"पातं चौकीत, न दांडा कायले करून राह्यले?" सोनीबाईनं विचारलं.

"दसरा हाय."

"लोक हासतीन."

"हासू दे."

दिवाळी झाल्यावर सोनीबाई एकटीच जिनात गेली. रूपला रोज दांडा खांद्यावर टाकून चौकीपर्यंत जायचा. गार्ड दुरूनच 'नाही' म्हणून हात हलवायचा. रूपला माघारी फिरायचा.

पौषात त्याला ताप भरला. निरोप पोचून सोनीबाई आली, तेव्हा त्याला बाहेर काढून ठेवलं होतं. सरणाला लाकूड पुरेना. चौकीवरून एक मोळी मिळाली. उरलेल्याला दौलतरावांनी कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांची गाडी पाठवली. सोनीबाईनं घरात जाऊन दांडा आणला आणि त्याच्या उजव्या हाताशी ठेवला.

रूपला अठ्ठावन्न साली, संक्रांतीच्या आदल्या दिवशी वारला. त्याची कुऱ्हाड चौकीतच राहिली.